इंजिन गेल्यानंतर स्पोर्ट्स कार कंपनीची ओळख कशात उरते?

वळणवाट

सर्वांना नमस्कार. इलेक्ट्रिक गाड्या पर्यावरणासाठी चांगल्या की वाईट, हा या धाग्याचा विषय नाही. माझा प्रश्न त्याहून मर्यादित आहे. फेरारी, पोर्शे, लॅम्बोर्गिनी, लोटस अशा ज्या कंपन्यांचे नाव त्यांच्या इंजिनामुळे किंवा गाडीच्या चालीमुळे झाले, त्यांच्या गाडीतून इंजिनच काढून घेतले तर त्या कंपनीचे म्हणावे असे काय शिल्लक राहते?

हा प्रश्न पडण्यामागे काही आकडे आहेत. उभ्या गाडीने ३ सेकंदांच्या आत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठणे ही वीस वर्षांपूर्वी बुगाटी व्हेरॉनसारख्या मोजक्या गाड्यांची मिरास होती. आज चार दारांच्या आणि मागे सामान ठेवायला भरपूर जागा असलेल्या इलेक्ट्रिक गाड्या तेच करून दाखवतात. जून २०२५ मध्ये शाओमीच्या एसयू७ अल्ट्रा या इलेक्ट्रिक गाडीची जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लायफ या लांब, वळणदार शर्यतमार्गावरील एका फेरीची वेळ जाहीर झाली : ७ मिनिटे ४.९५७ सेकंद. त्याच मार्गावर रिमाक नेवेरा या इलेक्ट्रिक हायपरकारची वेळ ७ मिनिटे ५.२९८ सेकंद आहे आणि पोर्शेच्या इलेक्ट्रिक टायकान टर्बो जीटीची ७ मिनिटे ७.५५ सेकंद. शाओमीने आपली पहिली मोटारगाडी ग्राहकाच्या हाती दिली ती २०२४ मध्ये. त्याआधी लोक तिला मोबाइल फोनसाठी ओळखत होते. पोर्शेच्या नावाची पहिली गाडी १९४८ ची आहे. पाऊण शतकाचा अनुभव आणि दोन वर्षांचा अनुभव यांतला फरक घड्याळावर दिसेनासा होत असेल, तर तो अनुभव नेमका कशात दिसतो, हे कंपनीला सांगता आले पाहिजे.

फेरारीच्या बाबतीत हे कोडे मला सर्वांत अवघड वाटते. १९४७ च्या १२५ एस या पहिल्याच गाडीत फक्त दीड लिटरचे, पण १२ सिलिंडरचे इंजिन होते. एवढ्या लहान इंजिनाला १२ सिलिंडरची व्यावहारिक गरज नव्हती. ती निवड म्हणजेच कंपनीचा स्वभाव होता. विद्युत मोटर निवडताना असा स्वभाव दाखवायला वाव कुठे आहे? चांगली मोटर गुळगुळीत, निःशब्द आणि जवळजवळ निर्दोष असते, आणि एका कंपनीची निर्दोष मोटर दुसऱ्या कंपनीच्या निर्दोष मोटरीपासून ओळखू येत नाही.

जाणकारांनी आपापले मत कारणांसह मांडावे, ही विनंती.

---

भारकेंद्र

वळणवाट, प्रश्न चांगला आहे. मात्र त्यात एक गृहीतक दडलेले आहे, ते आधी बाहेर काढतो. स्पोर्ट्स कारची ओळख वेगात होती असे आपण धरून चाललो, कारण वेग मोजता येतो आणि जाहिरातीत छापता येतो. प्रत्यक्षात वेग हा बाकीच्या गुणांचा मोजता येण्याजोगा पुरावा होता. हलकी बांधणी, घट्ट चेसिस म्हणजे गाडीचा सांगाडा, चोख सस्पेन्शन म्हणजे चाके तोलून धरणारी रचना आणि दमदार इंजिन असल्याशिवाय गाडी वेगाने जातच नसे, म्हणून वेगाच्या आकड्यावरून हे सगळे आहे असे समजता येत असे. विद्युत मोटरने ही साखळी तोडली. आता जड आणि चालवायला कंटाळवाणी गाडीसुद्धा तुफान वेग घेऊ शकते. आकडा तोच राहिला, पण तो ज्याचा पुरावा होता ते गुण त्याच्यामागे असतीलच याची खात्री राहिली नाही.

माझ्या दृष्टीने या कंपन्यांपुढचा खरा प्रश्न आवाजाचा नसून वजनाचा आहे. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ किलोवॉट-तास ऊर्जा असते, तर आजच्या चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये एका किलोमागे साधारण पाव किलोवॉट-तास. मोटर इंजिनापेक्षा खूपच कार्यक्षम असते, त्यामुळे ही तफावत बरीच कमी होते, परंतु मिटत नाही. फेरारीने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या पहिल्या इलेक्ट्रिक गाडीची तांत्रिक माहिती जाहीर केली. तिची बॅटरी १२२ किलोवॉट-तासांची असून बॅटरीची ऊर्जाघनता किलोमागे १९५ वॉट-तासांच्या जवळपास आहे. म्हणजे एकट्या बॅटरीचे वजन ६०० किलोच्या वर जाते आणि संपूर्ण गाडी सुमारे २,३०० किलोची होते.

आता लोटसकडे पाहा. कॉलिन चॅपमन यांनी ही कंपनी एकाच विचारावर उभी केली : ताकद वाढवण्यापेक्षा वजन घटवा, कारण हलकी गाडी सरळ रस्त्यावर, वळणावर आणि ब्रेक मारताना, तिन्ही ठिकाणी जिंकते. १९९६ ची एलिस सव्वासातशे किलोच्या आसपास होती. त्याच कंपनीची इलेक्ट्रे ही इलेक्ट्रिक एसयूव्ही सुमारे अडीच टनांची आहे, म्हणजे तीन एलिस मिळूनही तिच्या वजनाला पोहोचत नाहीत. इलेक्ट्रे वाईट गाडी आहे असे मी म्हणत नाही. तिच्या वर्गात ती उत्तम वळते. परंतु चॅपमन यांचा विचार ज्याला पटला होता, त्या ग्राहकाला देण्यासाठी तिच्यात काही नाही. मला मनापासून वाईट वाटते ते याचे, कारण आधुनिक इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारची सुरुवात लोटसच्याच आधाराने झाली होती. २००८ ची टेस्ला रोडस्टर एलिसच्या रचनेवरून घडवलेली होती आणि तिची बांधणी इंग्लंडमध्ये हेथेल येथील लोटसच्या कारखान्यात होत असे. हलकी इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार कशी करावी याचा धडा ज्या आवारात सुरू झाला, तिथेच तो पुढे गिरवला गेला नाही.

वजन लपवता येते, हेही खरे आहे. बॅटरी जमिनीलगत असल्यामुळे गुरुत्वमध्य खाली राहतो; चार चाकांना चार मोटरी दिल्या तर वळणात बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्याला कमी जोर देऊन गाडी अक्षरशः वळवता येते; सक्रिय सस्पेन्शन गाडीला झुकू देत नाही. पण जडत्व जात नाही. दिशा झपाट्याने बदलताना, एका वळणातून लगेच उलट्या वळणात शिरताना, ते टायरवर आणि ब्रेकवर येतेच. उष्णतेचेही तसेच आहे. एक फेरी विक्रमी वेळात मारणे आणि सलग दहा फेऱ्या त्याच ताकदीने मारणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ प्रश्नातील घड्याळाविषयी म्हणूनच माझे म्हणणे असे की, पाऊण शतकाचा अनुभव शोधायचा असेल तर तो तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर शोधावा. टायकानमध्ये पोर्शेने २०१९ पासून ८०० व्होल्टची यंत्रणा दिली आणि मागच्या चाकांसाठी दोन गिअरची पेटी बसवली, त्यामागे पुन्हा पुन्हा तीच कामगिरी मिळावी हाच हट्ट होता. पोर्शेचा पोर्शेपणा मला तिथे दिसतो.

---

सहावा गिअर

भारकेंद्र यांचे वजनाविषयीचे म्हणणे मान्य आहे. आवाजाचा प्रश्न मात्र त्यांनी फारच पटकन बाजूला सारला, असे वाटते.

इंजिनाचा आवाज म्हणजे निव्वळ करमणूक नव्हे. चालकाला मिळणारी ती माहिती असते. इंजिन मिनिटाला किती फेऱ्या फिरत आहे, अजून किती दम शिल्लक आहे, गिअर आता बदलायचा की वळण संपेपर्यंत थांबायचे, हे सगळे कानाला आणि पाठीला कळते, नजर रस्त्यावरून हलवावी लागत नाही. मोटरमध्ये जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण असतो आणि वेग वाढेल तसा तो हळूहळू उतरतो. म्हणजे चढत जाण्याचा जो अनुभव होता, ८,००० किंवा ९,००० फेऱ्यांकडे धावणाऱ्या इंजिनाची जी वाढती चढण होती, ती उलटी होते. सुरुवातीलाच सर्वोच्च क्षण येऊन जातो. तांत्रिकदृष्ट्या ही प्रगती असली तरी चालकासाठी तो अनुभव सपाट होतो, आणि स्पोर्ट्स कार विकणाऱ्याला या सपाटपणाचा विचार करावाच लागतो.

यावर आतापर्यंत दोन निराळ्या वाटा निघाल्या आहेत. ह्युंदाईने २०२३ च्या आयोनिक ५ एन मध्ये सरळ सोंग उभे केले. गिअर नसताना आठ गिअर असल्याचा भास, गिअर बदलताना बसणारा हलका धक्का, फेऱ्यांची मर्यादा गाठल्यावर जोर तुटणे आणि जोडीला स्पीकरमधून आवाज, असे सगळे तिच्यात आहे. कागदावर हे हास्यास्पद वाटते, परंतु ती चालवलेल्या बहुतेक समीक्षकांनी तिची दिलखुलास स्तुती केली, कारण तो भास चालकाला खरोखर उपयोगी पडतो. वळणाच्या आधी आपण कोणत्या वेगात आहोत याचा अंदाज त्याच्यामुळे येतो.

फेरारीने आपल्या पहिल्या इलेक्ट्रिक गाडीसाठी दुसरी वाट धरली. बाहेरून आणलेला आवाज लावायचा नाही. मागच्या आसाजवळ कंपने टिपणारा संवेदक बसवायचा, फिरणाऱ्या भागांचीच खरी कंपने त्यातून घ्यायची आणि ती मोठी करून ऐकवायची. इलेक्ट्रिक गिटार तारेच्या कंपनांचे जे करते तेच इथे घडते, असे कंपनीने स्वतःच सांगितले आहे. स्टिअरिंगमागच्या उजव्या पट्टीने जोराचे पाच टप्पे चढत्या क्रमाने मिळतात. त्याला गिअर म्हणण्याचे कंपनीने टाळले आहे, पण हरवलेली चढण परत आणण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न दिसतो. मला ही वाट अधिक पटते, कारण ऐकू येणारी गोष्ट त्या यंत्रात खरोखरच घडत असते.

दोष सगळा विजेवर टाकता येणार नाही, हेही सांगितले पाहिजे. पोर्शेने २०१६ मध्ये बॉक्स्टर आणि केमन (म्हणजेच ७१८) या गाड्यांमधले सहा सिलिंडरचे इंजिन काढून चार सिलिंडरचे टर्बो, म्हणजे दाबाने जास्तीची हवा घेणारे, इंजिन बसवले. गाडी आधीपेक्षा वेगवान झाली, तरी तक्रारी इतक्या आल्या की पुढे २०२० मध्ये त्यांच्या जीटीएस या आवृत्तीसाठी चार लिटरचे सहा सिलिंडर परत आणावे लागले. मर्सिडीज-एएमजीने २०२२ मध्ये सी६३ मधले आठ सिलिंडर काढून दोन लिटरचे चार सिलिंडर आणि त्याला जोडून मोटर दिली. अश्वशक्ती वाढली आणि चाहते दुरावले. दोन्ही गाड्यांत पेट्रोल इंजिन होतेच. तरीही ग्राहकाला काहीतरी हिरावले गेल्याची जाणीव झाली, म्हणजे ओळख इंजिन असण्या-नसण्यापेक्षा बारीक गोष्टींत होती आणि कंपन्यांनाच ती पुरती उमगली नव्हती. टायकानच्या वरच्या आवृत्त्यांना पोर्शेने ‘टर्बो’ हे नाव दिले, त्यांच्यात टर्बो नावाचा भागच नसताना. त्यावर पुष्कळ टीका झाली. मला मात्र त्यात कंपनीची अडचण दिसते. जवळजवळ पन्नास वर्षे जो शब्द सर्वोत्तम पोर्शेसाठी वापरला, त्याची जागा घेऊ शकेल असा दुसरा शब्द तिच्याकडे नव्हता.

---

नवी पहाट

मी थोडा वेगळा सूर लावतो. ओळख बुडाली, ही हाकाटी प्रत्येक मोठ्या बदलाच्या वेळी झालेली आहे. १९९७ मध्ये पोर्शेच्या सर्वांत प्रसिद्ध गाडीचे, ९११ चे, इंजिन हवेऐवजी पाण्याने थंड होऊ लागले, तेव्हा ती आता खरी ९११ राहिली नाही असे निष्ठावंतांनी ठामपणे सांगितले होते. आज त्याच पाण्याने थंड होणाऱ्या ९११ च्या बाजूने विजेविरुद्ध तेवढ्याच ठामपणे बोलले जाते. पोर्शेचा आणि विजेचा संबंध तर पेट्रोलच्या पोर्शेहून जुना आहे. फर्डिनांड पोर्शे यांची चाकांच्या तुंब्यातच मोटरी असलेली लोनर-पोर्शे १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेली होती.

शिवाय ‘ग्राहक’ म्हणजे आपल्यासारखे जुने चाहतेच असे आपण का धरतो? जी पिढी पहिलीच गाडी इलेक्ट्रिक घेईल, तिला इंजिनाच्या आवाजाची आठवणच नसेल, तर उणीव कशाची भासणार? कंपन्यांनी त्या पिढीसाठी नवे काही घडवावे. जुन्या अनुभवाची नक्कल करण्यात बुद्धी खर्च करणे मला वाया घालवल्यासारखे वाटते.

---

वळणवाट

नवी पहाट, ९११ चे उदाहरण आपल्या मुद्द्याला पुरेसे बळ देत नाही, असे मला वाटते. पाणी आले तरी सहा आडव्या सिलिंडरचे इंजिन मागच्या आसाच्या मागेच राहिले, आणि त्या विचित्र जागेमुळे गाडीला आलेला स्वभावही राहिला. वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला तर मागची बाजू आपले अस्तित्व दाखवते. ९११ चालवण्याचे कौशल्य म्हणजे मुख्यतः तेवढ्या वजनाशी जुळवून घेणे. बॅटरी मात्र दोन आसांच्या मधोमध पसरलेली असते, सर्वच कंपन्यांच्या गाड्यांत जवळजवळ तशीच. तिथे ९११ ला तिचे ‘९११पण’ देणारा दोषच नाहीसा होतो. दोषासकट घडलेला स्वभाव निर्दोष यंत्रात कसा उतरवायचा, हे मला खरोखर कळत नाही.

नव्या पिढीविषयी आपण म्हणता ते मात्र विचार करण्यासारखे आहे. ती पिढी आज प्रत्यक्षात काय विकत घेत आहे, याची कोणाला माहिती असल्यास जरूर लिहावे.

---

जुनी वही

बाजाराविषयी थोडे लिहितो, कारण चर्चा अनुभवावर चालली आहे आणि निर्णय शेवटी विक्रीवर होतात.

टायकानची सुरुवात दमदार होती. २०२१ मध्ये तिच्या ४१,२९६ गाड्या ग्राहकांना दिल्या गेल्या, म्हणजे त्या वर्षी तिने ९११ लाही मागे टाकले. २०२४ मध्ये हा आकडा २०,८३६ वर आला, आदल्या वर्षापेक्षा ४९ टक्क्यांनी कमी. त्याच २०२४ मध्ये ९११ मात्र ५०,९४१ विकल्या गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये पोर्शेने आपला आराखडाच बदलला आणि पूर्ण इलेक्ट्रिक होऊ घातलेल्या ७१८ च्या वरच्या आवृत्त्यांत पेट्रोल इंजिन राहील असे जाहीर केले. इतरांचेही असेच चालले आहे. मासेरातीने एमसी२० या स्पोर्ट्स कारची इलेक्ट्रिक आवृत्ती रद्द केली. लॅम्बोर्गिनीने २०२३ मध्ये दाखवलेल्या लान्झाडोर या इलेक्ट्रिक गाडीची तारीख २०२८ वरून २०२९ वर ढकलली. लोटसने २०२८ पर्यंत पूर्ण इलेक्ट्रिक होण्याचा संकल्प सोडून हायब्रिडकडे, म्हणजे इंजिन आणि मोटर दोन्ही असलेल्या गाड्यांकडे, मोर्चा वळवला. फेरारीने २०३० साठी ४० टक्के मॉडेल इलेक्ट्रिक असतील असे २०२२ मध्ये म्हटले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर आणले.

सर्वांत बोलके उदाहरण माते रिमाक यांचे आहे. क्रोएशियात त्यांनी शून्यातून इलेक्ट्रिक हायपरकार उभी केली. त्यांच्या नेवेराची ताकद १,९१४ अश्वशक्ती आहे. या क्षेत्रात त्यांच्याहून मोठा जाणकार सापडणे कठीण. २०२१ पासून बुगाटीची सूत्रेही त्यांच्याकडे आली. ते बुगाटीला इलेक्ट्रिक करतील अशी अपेक्षा होती. २०२४ मध्ये त्यांनी सादर केलेल्या बुगाटी तुर्बियोंमध्ये टर्बो नसलेले, ८.३ लिटरचे, १६ सिलिंडरचे नवेकोरे इंजिन आहे. मोटरी त्याच्या साहाय्याला आहेत. अतिश्रीमंत ग्राहकांना यांत्रिक, वेगळेपण असलेली वस्तू हवी आहे, इलेक्ट्रिक हायपरकार नको, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. वीज ज्यांना सर्वांत चांगली कळते, त्यांनीच तिला साहाय्यकाची जागा द्यावी, याला मी फार महत्त्व देतो.

हे ग्राहक केवळ जुन्या आठवणींत रमले आहेत, असे मला वाटत नाही. त्यांच्या नकाराला एक ठोस कारण आहे. फेरारी किंवा लॅम्बोर्गिनी घेणारा माणूस ती गाडी टिकेल, दुरुस्त होईल आणि पुढच्या पिढीला चालवता येईल या भरवशावर घेतो. १९६० च्या दशकातले इंजिन आजही उघडता येते, त्याचा एखादा भाग नव्याने ओतून किंवा कातून बसवता येतो. फेरारीचा स्वतंत्र विभाग जुन्या गाड्या मूळ रूपात आणून देण्याचे कामच करतो. बॅटरीचे तसे नाही. तिचे रसायन वापरले तरी आणि न वापरले तरी उतरत जाते, आणि वीस वर्षांनी तेच सेल कोणी बनवत असेल अशी खात्री कोण देणार? फेरारीने आपल्या हायब्रिड गाड्यांसाठी आठव्या आणि सोळाव्या वर्षी बॅटरी बदलून देणारी वॉरंटी योजना आणली आहे. ज्या कंपनीने असे लेखी वचन दिले, तिला ग्राहकाची भीती समजली आहे, असे मी मानतो. त्याच्या जोडीला सॉफ्टवेअरची अडचण आहे. इलेक्ट्रिक गाडीचा स्वभाव जर संगणकीय आज्ञावलीत असेल, तर ती आज्ञावली चाळीस वर्षांनी चालू राहण्याची सोय कोणी करायची?

यांत्रिक स्विस घड्याळांचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. क्वार्ट्झ आल्यावर अचूक वेळ स्वस्त झाली, तरीही यांत्रिक घड्याळ कलेची वस्तू म्हणून जगले, तसेच इंजिनाचे होईल, असे त्यामागचे म्हणणे असते. हे साम्य मला अर्धेच पटते. यांत्रिक घड्याळावर कोणी कायद्याने बंधन आणले नव्हते. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार २०३५ पासून नव्या गाड्यांनी कार्बन डायऑक्साइड सोडायचाच नाही असे ठरले होते. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने ही अट ९० टक्के कपातीपर्यंत सैल करण्याचा प्रस्ताव मांडला. वर्षाला हजारापेक्षा कमी गाड्या नोंदवणाऱ्या उत्पादकांना आधीपासूनच सूट आहे. फेरारीसारखी कंपनी मात्र त्या सुटीत बसत नाही. २०२४ मध्ये तिने १३,७५२ गाड्या ग्राहकांना दिल्या. नियम दर दोन-तीन वर्षांनी हलत असताना आठ-दहा वर्षांचा आराखडा आखायचा, हे या कंपन्यांचे आजचे खरे दुखणे आहे, आणि त्यात त्यांचा दोष मला फारसा दिसत नाही.

---

सहावा गिअर

जुनी वही यांनी टिकाऊपणाचा मुद्दा आणला, त्याबद्दल त्यांचे विशेष आभार. या चर्चेत तो सहसा कोणी काढत नाही.

एक भर घालतो. वीज आणि इंजिन यांना परस्परांचे शत्रू मानण्याची गरज नाही, हे लॅम्बोर्गिनीने अलीकडे फार सुंदर दाखवले. हुराकानच्या जागी २०२४ मध्ये आलेल्या तेमेरारियोत आठ सिलिंडरचे टर्बो इंजिन १०,००० फेऱ्यांपर्यंत जाते. खालच्या फेऱ्यांवर टर्बोची जी सुस्ती असते ती तीन मोटरी भरून काढतात, त्यामुळे अभियंत्यांना इंजिन वरच्या फेऱ्यांसाठी मोकळेपणाने घडवता आले. विजेमुळे इंजिनाचा स्वभाव पुसला न जाता अधिक ठळक झाला. कंपनी बारा सिलिंडरच्या रेव्हुएल्तोतही तीन मोटरी वापरते. वजन वाढले, हे भारकेंद्र सांगतीलच, आणि ते बरोबरही आहे.

---

नवी पहाट

वळणवाट यांनी दोषासकट घडलेल्या स्वभावाविषयी लिहिले, ते मला पटले. तरी एक शंका उरते. हायब्रिड हा सध्याचा तोडगा झाला. उद्या नियम पुन्हा कडक झाले आणि पूर्ण इलेक्ट्रिक गाडीच करायची वेळ आली, तर ती अमुक कंपनीचीच आहे हे डोळे मिटून ओळखता येईल असे तिच्यात काय ठेवता येईल? भारकेंद्र, आपण अभियंत्याच्या नजरेने हे सांगू शकाल का?

---

भारकेंद्र

सांगण्याचा प्रयत्न करतो. माझ्या मते तीन ठिकाणी अजून हाताची कला शिल्लक आहे आणि त्यांपैकी ब्रेक हे सर्वांत दुर्लक्षित ठिकाण आहे. इलेक्ट्रिक गाडीत ब्रेकवर पाय दाबला की आधी मोटरी जनित्रासारख्या चालून वेग कमी करतात आणि जास्त जोर हवा असेल तेव्हा पॅड चकतीवर दाबले जातात. एकातून दुसऱ्यात जाण्याचा हा सांधा पायाला जाणवता कामा नये. बॅटरी पूर्ण भरलेली असेल, थंड असेल किंवा तापलेली असेल, तर ती परत येणारी वीज कमी स्वीकारते, म्हणजे सांधा प्रत्येक वेळी वेगळ्या जागी येतो. वळणाच्या तोंडाशी ब्रेक हळूहळू सोडत गाडी आत घालणाऱ्या चालकाला पेडलमधला सूक्ष्म बदलही लगेच कळतो. हे ज्या कंपनीला साधेल, तिची गाडी वेगळी ओळखू येईल. त्याला पैशांपेक्षा धीर आणि चाचणी-चालकांची पारख जास्त लागते, आणि नेमकी हीच शिदोरी जुन्या कंपन्यांकडे आहे.

स्टिअरिंगबद्दल थोडक्यात लिहितो. इंजिनाची थरथर गेल्यामुळे पुढच्या टायरचे बोलणे हाताला आता अधिक स्वच्छ ऐकू येऊ शकते, पण जड गाडीसाठी स्टिअरिंगला द्यावी लागणारी मदत ते पुन्हा दाबून टाकते. या दोहोंचा तोल प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने साधेल.

राहिले चाकाचाकाला वेगळा जोर देणे. वळणवाट यांनी निर्दोष यंत्रात दोषाचा स्वभाव कसा आणायचा असे विचारले होते, त्याचे उत्तर मला इथे दिसते. चार स्वतंत्र मोटरी असलेली गाडी तटस्थच वागली पाहिजे असे कुठे आहे? पाय उचलल्यावर मागची बाजू किती मोकळी सोडायची, ती चालकाला आधी किती सूचना देईल, चुकीला किती क्षमा करील, हे ठरवणारा माणूस असतो आणि त्याची आवड त्यात उतरते. इंजिनाच्या जागेने ९११ वर जे लादले, ते आता कोणाला तरी निवडावे लागेल. निवडलेला स्वभाव लादलेल्या स्वभावाइतका खरा वाटेल का, याविषयी मला शंका आहे. बहुतेक कंपन्या चालकाला पाच-सहा पर्याय देऊन ही निवड त्याच्यावरच ढकलतात आणि तिथेच ओळख विरघळते. मी तर म्हणेन की अशा कंपनीने एकच स्वभाव ठरवावा, त्याची जबाबदारी घ्यावी आणि ज्याला तो आवडणार नाही त्या ग्राहकाला जाऊ द्यावे.

नव्या इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारच्या चाचण्या वाचताना शून्य ते शंभरचा आकडा मी आता सोडून देतो. सलग दहा फेऱ्यांनंतर ब्रेकचे पेडल पहिल्या फेरीसारखेच लागते का, एवढे त्या चाचणीत लिहिले आहे की नाही ते आधी पाहतो. फेरारीच्या पहिल्या इलेक्ट्रिक गाडीविषयीही सर्वांत आधी हेच वाचायचे आहे.